मी खाली येत होतो

मित्रांनो, मला कुणी माझी उंची विचारली तर मी गोंधळून जातो. बसलेला असलो की मी जेमतेम वीतभर असतो आणि पुरता उठलो की तुमच्या गुडघ्याला लागतो. मी एक जुना जॅक आहे. गाडी उचलायचा, चार लोखंडी चाकांचा, लांब दांड्याचा. एके काळी माझा रंग लालभडक होता. आता कुठे लाल, कुठे गंज आणि बाकी सगळा काळ्या तेलाचा थर, असा माझा अवतार आहे.

माझ्या पोटात तेल असते. दांडा खालीवर केला की ते तेल एका नळकांड्यात ढकलले जाते. तेल दट्ट्याला रेटते, दट्ट्या माझ्या हाताला रेटतो आणि हाताच्या टोकाला बसवलेली बशी गाडीला वर उचलते. एवढेच माझे शास्त्र. हे तेल मागे परतू नये म्हणून दट्ट्याभोवती रबराची एक कडी असते. तिला सील म्हणतात. ती लहान मुलीच्या बांगडीएवढीही नसते, पण दीड टनाची गाडी वर राहते ती तिच्याच भरवशावर.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माझ्या अंगावर वजन ठेवून मला दिवसभर उभे केले होते. जाड चष्म्याची एक तपासनीस बाई तासातासाला येऊन पट्टीने माझी उंची मोजायची. संध्याकाळी ती म्हणाली, "एक सूतही उतरला नाही." ती माझी पहिली शाबासकी. पण खरे सांगू? त्याच दिवसापासून एक बेचैनी माझ्या मागे लागली. अंगावर भार आला की माझ्या मनात येते, आता आपण उतरलो तर?

मला विकत घेतले ते उस्तादांनी. त्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजमध्ये त्यांचे खरे नाव कुणी घेतच नसे. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत आणि हात पोलादी. दिवसाला आठ-आठ, दहा-दहा गाड्या मी उचलायचो. माझ्या बशीची कड झिजून गुळगुळीत झाली, चाकांचे आवाज बदलले, पण मला कंटाळा म्हणून कधी आला नाही. उस्ताद माझ्या पाठीवर पायाचा अंगठा टेकवून नव्या कामगारांना सांगायचे, "हा माझा उजवा हात आहे. पण ध्यानात ठेवा, जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. धरायला स्टँड आहेत." मग ते तिवईसारखे दोन भक्कम लोखंडी स्टँड गाडीखाली लावायचे, माझ्यावरचा भार त्यांच्यावर उतरवायचे आणि त्यानंतरच कुणाला तरी खाली जाऊ द्यायचे. गॅरेजमध्ये इतका गोंगाट असायचा की हाका ऐकू येत नसत. म्हणून त्यांनी एक खूण ठरवली होती. गाडीखालच्या माणसाच्या तळपायावर दोनदा टिचकी मारली की हातातले काम टाकून लगेच बाहेर यायचे. का, कशाला, काही विचारायचे नाही.

त्या गोंगाटाने शेवटी उस्तादांचे कान नेले. डावा पार गेला, उजवा अर्धामुर्धा राहिला. गुडघेही कुरकुरू लागले. गॅरेज बंद झाले. सामान लोकांनी नेले. उस्तादांनी घरी आणले ते फक्त पान्यांची पेटी, ते दोन स्टँड आणि मला.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिथल्या कोपऱ्यात मी बसलो तो बसलोच. स्टँड माळ्यावर गेले. माझ्या चाकांत कोळ्याने घर केले. कुणीतरी माझ्या बशीवर फुलझाडाची कुंडी ठेवली आणि तिचे पाणी माझ्या सांध्यांत झिरपत राहिले. मित्रांनो, काम करून झिजणे निराळे आणि बसून झिजणे निराळे. बसून बसून माझी रबरी कडी कडक झाली, तिला बारीक चिरा पडल्या. एकदा उस्तादांनी मला सहज बाजूला ओढले तेव्हा माझ्याखाली तेलाचे ओले कडे दिसले. ते वाकून म्हणाले, "सील गेलं वाटतं याचं. बघू एकदा सवडीने." सवड त्यांच्याकडे ढीगभर होती. पण ते "एकदा" काही उजाडले नाही.

त्या घरात उस्ताद आणि त्यांची सूनबाई अशी दोघेच राहत. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसायचा. सूनबाई एक गाडी चालवायची. आठवड्यातून तीन दिवस ती तीन रुग्णांना घरून उचलून रक्त शुद्ध करायच्या केंद्रावर न्यायची आणि चार-पाच तासांनी परत आणून सोडायची. मूत्रपिंडांनी काम सोडलेल्या माणसांना हे चुकवून चालत नाही. एक खेप हुकली तरी पाय सुजतात, धाप लागते. तिच्या रुग्णांत एक निवृत्त गणिताच्या बाई होत्या, एक शिंपीकाका होते आणि एक गृहस्थ असे होते की जे गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत एक अक्षर बोलत नसत, फक्त उतरताना दाराला हलकेच थोपटून जात.

सूनबाईचा डावा गुडघा लहानपणीच्या अपघातात अधू झालेला. तिला क्लच दाबणे जमत नसे, म्हणून तिची गाडी ऑटोमॅटिक होती. गिअर आपोआप बदलणारी. उस्तादांना ती गाडी डोळ्यांसमोर नको असायची. "क्लच नाही, काही नाही. गाडी आहे का पाळणा?" असे ते जेवताना पुटपुटत. सूनबाई ऐकून न ऐकल्यासारखे करी. दोघांत भांडण नव्हते. बोलणेच मुळात कमी होते.

एके दिवशी शेडच्या फरशीवर लाल थेंब दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल लालसर असते. गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचे एक पसरट ताट बोल्टांनी आवळलेले असते. त्याला पॅन म्हणतात. पॅन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक पातळ पट्टी असते, तिचे नाव गॅस्केट. ती पट्टी जुनी झाली की तिथून तेल पाझरते. दुखणे लहानसे होते.

आता मी तुम्हाला जे सांगतो ते तेव्हा मला आणि उस्तादांनाच ठाऊक होते, असे मी समजत होतो. एका रविवारी सूनबाई भाजी आणायला पायीच गेली होती. उस्तादांनी माझ्यावरची कुंडी उचलली, मला गाडीखाली ढकलले आणि गाडी थोडीशी वर घेतली. पूर्ण आत न शिरता, कुशीवर पडून, हात लांबवून त्यांनी पॅनचे बोल्ट आवळले. आयुष्यभर जड गाड्यांचे जाड लोखंड आवळलेला तो हात. त्याला पातळ पत्र्याची सवय कुठून असणार? एक एक बोल्ट त्यांनी जीव खाऊन आवळला. पत्रा भोकांभोवती दबला, गॅस्केट मधूनच पिळवटून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी एकाचे चार थेंब झाले. आठवड्याने तर गाडी चढावर गचके देऊ लागली.

 उस्ताद दिवसातून दहा वेळा शेडमध्ये यायचे, थेंब पायाने पुसायचे, परत जायचे, परत यायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. सांगून टाका की एकदाचे! पण मला तोंड कुठे आहे?

सोमवारी सूनबाईने गॅरेजला फोन केला. तिथे चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. मंगळवारी सकाळी तर तीन माणसे तिची वाट पाहणार होती. तिने पदर खोचला, गाडीबरोबर आलेले जाड पुस्तक काढले आणि शेडमध्ये बसून ते पहिल्यापासून वाचायला घेतले. गॅस्केट आणि लाल तेलाचे डबे तिने शनिवारीच आणून ठेवले होते.

"घरीच करते," ती म्हणाली. "मोठं काम नाही. तेल काढायचं, पॅन उतरवायचं, पट्टी बदलायची."

"तू?" उस्ताद म्हणाले.

"मग कोण? तुम्ही तर पाळण्याला हात लावत नाही ना."

उस्ताद विटा आणायला वळले. मला मात्र हसू आले.

मागच्या चाकांना विटा लावून झाल्या. गाडी हलकी व्हावी म्हणून सूनबाईने डिकीतली जास्तीची चाके, म्हणजे एक स्टेपनी आणि एक जुना टायर, काढून भिंतीला टेकवली. मग उस्तादांनी मला गाडीच्या पुढच्या बाजूला, अगदी मधोमध घातले आणि दांडा मारायला सुरुवात केली. किती वर्षांनी एवढा पुरता भार अंगावर आला होता! पुढची दोन्ही चाके अधांतरी झाली. माझे सगळे सांधे करकरले. आणि त्याच क्षणी मला ते जाणवले. पोटातले तेल केसाएवढ्या फटीतून मागे सरकत होते.

सूनबाईने बाहेरूनच विजेरी मारून पॅनचे बोल्ट मोजले आणि हातातले गॅस्केट उलगडून बघितले. "बोल्ट तेरा आणि भोकं चौदा! दुकानदाराने भलत्याच गाडीचं दिलंय. बदलून आणते." तिने चपला घातल्या. मग थबकून वळली. "बाबा, गाडी खाली घ्या तोवर."

"राहू दे वर. परत दांडा कोण मारणार?"

"मग मी येईपर्यंत खाली जायचं नाही. आल्यावर माळ्यावरून स्टँड काढते, मग बघू."

"हं."

"हं नाही, हो म्हणा."

"हो गं बाई, हो."

जाता जाता तिने चिंध्या टाकायला म्हणून रंगाचा एक मोठा रिकामा डबा गाडीच्या दाराखाली सरकवला. डब्याचे तोंड आणि गाडीची कड यांत चार बोटे जागा होती. ती रिक्षात बसून गेली. फाटक वाजले.

उस्ताद दोन मिनिटे शेडमध्ये येरझारा घालत राहिले. माळ्याकडे त्यांनी एकदा पाहिले. पण शिडी चढायला गुडघे तयार नव्हते. मग त्यांनी फाटकाकडे पाहिले. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला समजत होते. सूनबाई येण्याआधी पॅन काढायचे, दबलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, म्हणजे त्या रविवारची खूण राहणार नाही. त्यांनी जमिनीवर पुठ्ठा अंथरला, पान्यांची पेटी ओढली आणि ते पाठीवर पडून गाडीखाली सरकले. बाहेर राहिले ते फक्त गुडघ्यांपासूनचे पाय.

मित्रांनो, हजारो माणसांना "स्टँडशिवाय खाली जायचं नाही" म्हणून दटावणारा हा माणूस. शरमेपोटी माणूस स्वतःचाच नियम कसा विसरतो ते मी त्या दिवशी पाहिले.

त्यांनी एका कोपऱ्यातले बोल्ट ढिले केले. लाल तेलाची धार खालच्या परातीत पडू लागली. तेल संपायला वेळ लागला. मग एक एक बोल्ट निघू लागला. घट्ट बोल्टाला ते हिसका द्यायचे, हिसक्यासरशी गाडी हलायची, आणि गाडी हलली की माझ्या पोटातले तेल त्या चिरेतून आणखी थोडे निसटायचे.

मी खाली येत होतो.

आवाज नाही, धक्का नाही. नखाएवढा, मग आणखी नखाएवढा. दाराची कड आणि रंगाचा डबा यांत चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. माझा जीव अक्षरशः वरखाली होत होता. नव्हे, नुसताच खाली. मी माझ्या परीने सगळा जोर लावला. पण लोखंडाच्या मनात किती का असेना, तेल आपल्या वाटेने जाते. वाटले, निदान करकर तरी वाजावी! इतकी वर्षे नको तेव्हा कुरकुरणारे माझे सांधे एव्हाना गळलेले तेल लागून मऊ झाले होते. आणि वाजलो असतो तरी त्या कानांना काय ऐकू येणार होते?

"या पान्याला आज फिरायला जागा का पुरत नाही?" आतून उस्तादांचा त्रासिक आवाज आला. त्यांनी कोपर आखडून घेतले, पाना बदलला आणि काम चालू ठेवले. बारा बोल्ट निघाले होते. तेरावा जिद्दीला पेटला होता आणि तेही.

फाटक वाजले.

सूनबाई नवे गॅस्केट हातात घेऊन आत आली. पाय बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, सांगितलं होतं ना मी..." असे म्हणत ती चार पावले पुढे आली आणि तिथेच थांबली. तिची नजर रंगाच्या डब्यावर गेली होती. दाराची कड डब्यावर टेकली होती. नुसती टेकली नव्हती, डब्याचा काठ आत चेपला होता.

ती ओरडली नाही. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. ओरडून उपयोग नव्हता आणि दचकून ते उठायला गेले असते तर डोके लोखंडावर आपटले असते. तिने माझ्या दांड्यालाही हात लावला नाही. माझी काय दशा झाली आहे हे तिला कळले होते. हातातली पिशवी टाकून ती भिंतीकडे गेली. तिने स्टेपनी घरंगळत आणली, दाराच्या कडेखाली आडवी सरकवली. मग तो जुना टायर पलीकडून, दुसऱ्या कडेखाली. दोन्हींवर तिने लाकडाचे जाड ठोकळे चढवले. अधू गुडघ्यावर ती कशी बसली, कशी उठली, देव जाणे. पण एकही ठोकळा वाकडा पडला नाही.

मग ती उस्तादांच्या पायांशी बसली. त्यांच्या उजव्या तळपायावर तिने दोनदा टिचकी मारली.

आतला पाना थांबला. गॅरेजमधल्या गोष्टी उस्ताद जेवताना सांगायचे तेव्हा ही मान खाली घालून भात कालवत असायची. त्यांना वाटायचे, हिचे लक्षच नसते. पण ती खूण तिच्या ध्यानात होती. आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या पायालाही ती आठवली. का, कशाला, काही न विचारता ते बाहेर सरकू लागले. शर्टाचा खिसा वर कुठेतरी अडकला. त्यांनी खिसा फाटू दिला. पॅन शेवटच्या बोल्टावर लोंबकळत मागे राहिले.

"काय झालं?" उठून बसत त्यांनी विचारले.

 सूनबाईने फक्त बोट दाखवले. दोघे शेजारी शेजारी फरशीवर बसले आणि गाडीकडे पाहत राहिले. धाडकन वगैरे काही झाले नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी मुकाट्याने आणखी बोटभर खाली आली, डबा मोठ्याने चेपला आणि मग तिने आपला भार ठोकळ्यांवर टाकला. ते ठोकळे नसते तर जिथे दोन मिनिटांपूर्वी उस्तादांची छाती होती, तिथे उशीसुद्धा मावली नसती.

 मग उस्तादांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला पायाने ढोसले. "या जॅकने दगा दिला!"

मित्रांनो, मला फार लागले. पण उत्तर सूनबाईने दिले.

"जॅकने? मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता, सील गेलं म्हणून. वर त्याच्या डोक्यावर कुंडी मी ठेवली. त्या बिचाऱ्याने काय केलं?" ती उस्तादांकडे वळली. "आणि मी तुमच्या मुलाला काय सांगणार होते, बाबा? काय म्हणून सांगणार होते?"

उस्तादांनी मान खाली घातली. हाताला लागलेले लाल तेल ते उगाचच चिंधीने पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले.

थोड्या वेळाने सूनबाई उठली. माळ्यावरून तिने दोन्ही स्टँड काढले. गाडी परत वर घ्यायला शेजारच्या टॅक्सीवाल्याचा जॅक मागून आणला. मी बाजूला पडून बघत होतो. माझ्या जागी दुसरा उभा राहताना बघणे सोपे नसते, पण त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला नाही. स्टँड लागले, भार उतरला. उस्तादांनी गाडीला दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहिला. गाडी जागची हलली नाही.

"आता मी जाते खाली," सूनबाई म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करते."

तेरावा बोल्ट निघाला. पॅन बाहेर आले. तिने ते पुसून उजेडात धरले. "भोकांभोवती पत्रा कसा दबलाय बघा. कुणीतरी फारच आवळलंय."

उस्तादांनी पॅनच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कुणीतरी नाही," उस्ताद म्हणाले. "मी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या रविवारी तुमच्या शर्टाच्या बाहीला लाल तेल होतं. तो शर्ट मीच धुतला."

"मग बोलली का नाहीस?"

ती पॅनकडे बघत म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझ्या गाडीला आपणहून हात लावला होता. त्यावर काय बोलणार?"

उस्तादांनी पॅन तिच्या हातातून घेतले. सपाट फळीवर ते उपडे ठेवून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, लहान हातोडीने ते पत्र्याची कड सरळ करू लागले. टक, टक, टक. असा हलका हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग नवे गॅस्केट बसले आणि सूनबाई पॅन घेऊन खाली गेली.

"आधी सगळे बोल्ट बोटांनी लाव. पाना नको. लावलेस? आता एक इकडचा, मग त्याच्या समोरचा. खांदा लावू नकोस, नुसतं मनगट. बस! बस म्हटलं की बस."

"अजून फिरतोय, बाबा."

"फिरू दे. मी फिरवला होता, काय झालं ते बघितलंस ना?"

गाडीखालून हसण्याचा आवाज आला. उस्तादांना तो ऐकू आला की नाही कोण जाणे, पण तेही हसत होते.

गाडी खाली उतरवली. नरसाळ्याने लाल तेल भरले. सूनबाईने गाडी सुरू केली, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि गिअरची दांडी एकेका खुणेवर थांबवत सावकाश फिरवली. मग इंजिन चालू ठेवूनच उस्तादांनी तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून बघितली आणि आणखी थोडे तेल घालायला लावले. गाडीखाली कोरा पांढरा कागद अंथरला. दोघे कागदाकडे बघत बसले. पाच मिनिटांनी टप्. एक थेंब! दोघांचेही चेहरे उतरले. सूनबाई पालथी पडून विजेरी मारू लागली. थेंब पॅनमधला नव्हता, गाडीखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर आधीच सांडलेल्या तेलाचा होता. तिने ती पुसली, कागद बदलला. चहा झाला, दुसरा चहा झाला. कागद कोराच राहिला.

मंगळवारी सकाळी गाडी वेळेवर निघाली. उस्तादांचे मात्र घरात चित्त लागेना. ते शेडमध्ये यायचे, रिकाम्या फरशीकडे बघायचे, आत जायचे. केंद्रावर पोचायची वेळ झाल्यावर त्यांनी सूनबाईला फोन लावून थेंब पडला का ते विचारले. थेंब नव्हता. अर्ध्या तासाने परत लावला. तरीही नव्हता. तिसऱ्या वेळी गणिताच्या बाईंनीच फोन घेतला असावा, कारण उस्तादांनी कान चोळत फोन लांब धरला आणि मलाही पलीकडचा करडा आवाज ऐकू आला. "शून्य! शून्य म्हणजे शून्य. आता तिला चार घास खाऊ द्या."

फोन ठेवून उस्ताद माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी मला उलटे केले, चाकांतली जाळी काढली आणि मला पूर्ण उघडले. माझी चिरलेली कडी तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ बसले होते. दुसऱ्या दिवशी त्याच मापाची नवी कडी आली, पोटातले गढूळ तेल जाऊन स्वच्छ तेल आले. मला ढोसणारा तो पाय त्यांनी माझ्यापासून जरा लांबच ठेवला होता. आमच्यात माफी मागायची पद्धत नाही. पण माझे स्क्रू आवळताना त्यांनी फक्त मनगट वापरले.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरातली एखादी वस्तू बिघडू लागली आहे असे तुम्हाला कळले, तर "बघू एकदा" म्हणून तिच्यावर कुंडी ठेवू नका. आणि हातून काही बिघडले असेल तर ते लपवायला अंधाऱ्या फटीत शिरू नका. मी बोलू शकत नव्हतो. तुम्ही बोलू शकता.

मी बरा झालो, तरी अंगावर भार आला की मन थाऱ्यावर राहत नाही. परवा समोरच्या इमारतीतला फोटोग्राफर धावतपळत आला. त्याच्या गाडीखाली काहीतरी लोंबत होते.

"उस्ताद, जॅक द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

उस्तादांनी मला आणि दोन्ही स्टँड त्याच्यापुढे ठेवले.

"स्टँड राहू द्या हो, कुठे एवढं ओझं नेऊ!"

"मग जॅकही राहू दे."

फोटोग्राफर हसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी त्याला खाली बसवले आणि सगळे सांगितले. चार बोटांची तीन झाली ते, बाहेर काढायला सून आली नसती तर काय झाले असते ते, आणि त्या रविवारी बोल्ट कुणी आवळले होते तेही. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. फोटोग्राफरच्या चेहऱ्यावरचे हसू केव्हा मावळले ते त्यालाही कळले नसेल.

मग तो एक स्टँड घेऊन निघाला, दुसरा सूनबाईने उचलला आणि मला ओढत उस्ताद त्यांच्या मागून चालू लागले. तिथे मी गाडी वर घेतली. माझ्या मनात नेहमीसारखे आले, आता आपण उतरलो तर? फोटोग्राफर खाली वाकला तसा उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "थांब." दोन्ही बाजूंना स्टँड लागले. उस्तादांनी माझा दांडा हळूच डावीकडे फिरवला. भार स्टँडवर गेला. माझी बशी गाडीपासून बोटभर सुटली.

"हं," उस्ताद म्हणाले. "आता जा खाली."